डब्याचा दोरा तसाच होता

थोरल्या जाऊबाई गेल्याची तार मला पुलगावला शाळेत मिळाली. मुलींच्या शिवणाचा तास चालू होता. तार वाचली, काज कसं करायचं ते अर्धवट राहिलं होतं ते पुरं सांगितलं, मशीनवर खोळ घातली आणि स्टेशनवर गेले. रडायला गाडीत वेळ होता. पण रडू आलं नाही, राग आला. वर्धा मागं पडलं, सेलू गेलं, सिंदीच्या फलाटावर उतरले तर समोर पार्सल ऑफिसचं दार. याच दारातून एके काळी आमच्या टोपल्या रोज सकाळी नागपूरच्या गाडीत चढायच्या. टोपल्या आठवल्या आणि त्यांच्या मागोमाग एक माणूस आठवला. तोच माणूस पुढे जाऊबाईंच्या तेराव्याला पहिल्या पंगतीत येऊन बसला. गेलेल्या माणसावर लेख लिहायचा आणि त्यात जिवंत माणसाला ओढायचं, हे रीतीला सोडून आहे. असू दे. त्यांचं नाव छापता येणार नाही असं संपादकांनी कळवलं आहे. मी त्यांना नुसतं साहेब म्हणते. सिंदीत आणि वर्ध्यात कोण ते सगळ्यांना कळेल, आणि तेवढं मला पुरे आहे.

जावा-जावांचं पटत नाही म्हणतात. आमचंही फारसं पटत नव्हतं. बाई आंजीच्या, मोठ्या शेतकरी घरातल्या, आवाज खणखणीत. मी शिकलेली, कमी बोलणारी आणि त्यांच्या मते हाताची जड. "कुसुम, तुही पोळी अन् चपलेचा तळ, एकाच मापाचं वो," असं त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. मी तेव्हापासून पोळ्या लाटायचं सोडलं आणि चिराचिरी, बांधाबांध, वाढणं माझ्याकडे घेतलं. त्यात दोघींचं छान जमलं. बाईंच्या हाताला चव होती, हे मी सांगायची गरज नाही. वर्धा तालुक्यात लग्न असलं की आचारी कुणीही असो, पुरणाला बाईच लागायच्या. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की गावातल्या चार घरचा नैवेद्य त्यांच्या हातचा असायचा. सोवळ्यात पहाटेपासून उभ्या राहायच्या, एका घरचं पुरण उतरलं की ओल्या पदरानं दुसऱ्या घरी. कुणी थकलात का विचारलं तर म्हणायच्या, "माहेरवाशिणी उपाशी बसल्या हायेत, अन् मले थकाले होते काय?"

साहेबांनी बाईंचा हात अशाच एका लग्नात ओळखला. ते विमान कंपनीत होते. युद्ध संपल्यावर सैन्याची जुनी विमानं स्वस्तात विकली गेली आणि ज्याला त्याला विमान कंपनी काढायची हुक्की आली. त्यातलीच ही एक. नागपूरच्या विमानतळावर तिचं ऑफिस होतं आणि साहेब तिथले मुख्य. भर वैशाखात टाय लावून ते आमच्या ओसरीवर आले. विमानात प्रवाशांना सकाळचा फराळ द्यायचा होता, आणि हॉटेलवाले तेलकट देतात अशी तक्रार होती. "बाई, तुमच्या हाताची चव आम्ही आकाशात नेणार," साहेब म्हणाले. बाई दाराआड कणीक चाळत होत्या. तिथूनच उत्तर आलं, "हात इथंच राहू द्या जी, मले कामाले लागते. पुऱ्या न्या." माझे थोरले दीर तेव्हा सिंदीच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. त्यामुळे टोपल्या सकाळच्या गाडीनं जायची सोय आपोआप झाली.

कंपनीनं पत्र्याचे चपटे डबे दिले होते. झाकणावर निळ्या रंगात पंख पसरलेला बगळा. तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी भाजी, लिंबाचं लोणचं, एक करंजी. उन्हं वाढली की बटाटा बंद. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, म्हणजे दिवसभर काही होत नाही. डबा भरला की मी तो सुती दोऱ्यानं बांधायची. गाठ बाईंनी शिकवली होती. एका बाजूनं ओढली की अलगद सुटायची, पण एकदा सुटली की तशी पुन्हा कुणाला बांधता यायची नाही. दुपारच्या गाडीनं रिकामे डबे परत यायचे. ते घासायचे, उन्हात पालथे घालायचे. अंगणात बगळ्यांचा थवा उतरल्यासारखा दिसायचा... त्या दिवसांत बाई माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. ओरडायला वेळ नव्हता.

पहिली काही वर्षं माणसं हौसेनं विमानात बसली. कापसाचे व्यापारी, गिरण्यांचे दलाल, मुंबईला खटल्यासाठी जाणारे वकील. मग हौस फिटली, त्यात कापसाचा बाजार बसला, आणि एकाच वाटेवर दोन-तीन कंपन्यांची विमानं उडायला लागली. माणसं कमी झाल्याचं कुणी आम्हाला सांगितलं नाही. ते डब्यांनी सांगितलं. अधूनमधून एखादा डबा दोऱ्यासकट परत यायचा, मग निम्मे यायला लागले. नंतर कंपनीची काटकसर आमच्या चुलीपर्यंत आली. आधी करंजी बंद झाली. मग भाजी बंद, पुऱ्यांबरोबर नुसतं लोणचं. रोजचं विमान दिवसाआड झालं. मागच्या खुर्च्या काढून तिथं विड्याच्या पानांचे करंडे आणि कोंबडीची पिल्लं न्यायला लागले. सिंदीचे एक शेठ मुंबईहून आले ते म्हणाले, "बाई, पूरे रास्ते मुर्गी के बच्चे चूं चूं करते रहे. हमने टिकट लिया था कि खुराडा?"

इथवर मला कंपनीचा राग नाही. गिऱ्हाईक कमी झालं की दुकानदार दिवा बारीक करतो, तसंच हे. राग पुढचा आहे. विमानात माणसं थोडी असली की ते उडवायला परवडायचं नाही. मग त्या दिवशीचं उड्डाण रद्द करायचं आणि दुसऱ्या खेपेला दोन्ही दिवसांची माणसं एकत्र कोंबायची, अशी युक्ती निघाली. पण माणसं कमी आहेत असं सांगितलं तर कंपनीची अब्रू जाते. म्हणून साहेब सांगायचे, यंत्रात बिघाड आहे. हे त्यांनी स्वतःच आमच्या दिरांना पार्सलच्या खिडकीशी हसत हसत सांगितलं होतं. हुशारी अशी होती, आणि तिचा परिणामही तसाच झाला. आठवड्यातून दोनदा यंत्र बिघडतं म्हटल्यावर शहाणा माणूस त्यात बसेल कशाला? तेच शेठ म्हणाले, "हमारा बुड्ढा बैल भी इतना बीमार नहीं पड़ता," आणि पुन्हा रेल्वेनं जायला लागले. माणसं कमी म्हणून बिघाड सांगायचा आणि बिघाड ऐकून आणखी माणसं कमी व्हायची. आपल्याच हातानं आपलं गिऱ्हाईक पळवणारी अशी दुसरी कंपनी मी पाहिली नाही. नंतर साहेबांनी हवामानाचं कारण काढून पाहिलं. स्वच्छ ऊन पडलेलं असताना प्रवासी वर बघून हसायला लागले. मग त्यांना आमचे डबे सुचले.

तो चैत्राचा दिवस होता. थोडीच माणसं आली होती. साहेबांनी त्यांना सांगितलं की आजचा फराळ बिघडलेला निघाला, तो खाऊन कंपनीच्या दोन माणसांना त्रास झाला, प्रवाशांच्या तब्येतीला जपायचं म्हणून उड्डाण रद्द. माणसं खूष झाली म्हणे. कंपनी किती काळजी घेते! त्यातल्या वर्ध्याच्या एका गृहस्थानं विचारलं, फराळ कुठून येतो? साहेबांनी सांगितलं, सिंदीच्या एक बाई आहेत, आता त्यांना बंद करावं लागेल. ते गृहस्थ दुपारच्या गाडीनं परत निघाले आणि सिंदीपर्यंत सगळ्या गाडीला हीच गोष्ट सांगत आले. फलाटावर ती दिरांच्या कानावर आली, आणि त्याच गाडीनं आलेली टोपली घेऊन येऊन त्यांनी ती आम्हाला सांगितली. बाईंनी झाकणाचं फडकं काढलं. सगळे डबे जसे गेले तसे होते. एकाचाही दोरा सुटलेला नव्हता.

"कुसुम," बाई हळू म्हणाल्या, "मंग खाल्लं कोणं?"

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी टोपली घेऊन नागपूरला गेलो. विमानतळावरच्या ऑफिसात बाईंनी एक डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. "दोरा पाहा जी. गाठ माह्या जावेची हाय. अन्न पोटात गेलं, अन् गाठ तशीच राह्यली? तुमच्या माणसानं पत्र्यातून खाल्लं काय?" साहेब हसले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "बाई, तुम्ही फारच मनाला लावून घेता. बिघाड म्हटलं की लोक विमानाला घाबरतात. फराळ म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं?"

"माहं बिघडते," बाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, दोन दिवसांत लोक विसरतील. डबे पाठवत राहा, पुढच्या वेळी आम्ही हॉटेलचं नाव सांगू. बाई उठल्या. चहाला हात लावला नाही, मीही लावला नाही. त्यांनी डबा टोपलीत परत ठेवला आणि टोपली उचलली. डबे कंपनीचे आहेत, असं तिथला कारकून म्हणाला. बाई दारातून वळून म्हणाल्या, "खराब अन्नाचे डबे परत घेऊ नका, बापा. कंपनीले इटाळ व्हईन."

लोक विसरले नाहीत. अन्नाबद्दलचं वाईट बोलणं लोक कधी विसरत नाहीत, हे विमानवाल्याला ठाऊक नसेल, पण जेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्या भादव्यात महालक्ष्म्या आल्या आणि बाईंना एका घरचं बोलावणं आलं नाही. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. "यंदा घरच्या घरीच करून राह्यलो, बाई." "यंदा सून म्हणते मीच करते." बाई मान हलवत हाव हाव म्हणत ऐकून घेत. आमच्या घरच्या पुरणाचं ताट शेजारी दिलं, ते शेजारणीनं हसून घेतलं आणि मागच्या दारानं नेऊन गाईपुढे ठेवलं. बाईंनी ते न्हाणीच्या खिडकीतून पाहिलं. गाईनं सगळं खाल्लं. गाईला काही झालं नाही, हे इथं नमूद करते.

यानंतर बाईंना एक सवय लागली. काहीही केलं की आधी स्वतः एक घास खायच्या आणि थोडं थांबायच्या, मगच दुसऱ्याला वाढायच्या. सोवळ्याच्या नैवेद्याची चव घेत नाहीत, तो मात्र जन्मभर केल्यासारखा अंदाजानंच करायच्या. पण घरातल्या साध्या वरणभातालाही आधी त्यांचा घास. मी एकदा म्हटलं, "बाई, दोरे आपण पाहिले आहेत. तुम्हाला तर खरं काय ते माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय, वो. पण हाताले कोण सांगन?" ज्या बाईनं गावजेवणाला मीठ कधी मोजून घातलं नाही, तिला स्वतःच्या हाताची शंका यायला लागली... बाकी सगळं एक वेळ सोडून देईन. हे सोडणार नाही.

पुढे सरकारनं सगळ्या विमान कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. साहेबांना तिथं जागा मिळाली नाही. टाय कपाटात ठेवून ते वर्ध्याला घरी येऊन बसले. त्यांची आई मूळची आमच्या सिंदीचीच. भादवा आला तशी म्हातारी हट्टाला पेटली, की माझ्या घरच्या महालक्ष्म्या त्या बाईच्या हातचंच जेवतील. मुलगा काय बोलला होता ते तिला ठाऊक होतं. तिनं स्वतः येऊन बाईंचे हात धरले. "पोराची जीभ सैल हाय, माय. तू येजो." बाई लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच की मलाच धास्ती वाटली. "तू बी चाल कुसुम," मला म्हणाल्या. "वाढाले माणूस लागन."

त्या दिवशीचं बाईंचं जेवण मी विसरणार नाही. पुरण, सोळा भाज्या एकत्र घातलेली भाजी, आंबील, वडे, कटाची आमटी. वर्ध्यातली मोठी मोठी माणसं जेवायला आली होती. साहेबांचे जुने प्रवासी, वकील, व्यापारी, आणि ते गाडीत गोष्ट सांगणारे गृहस्थही. नैवेद्य झाला, आरती झाली. दोन्ही पंगती बसल्या, पानांवर मीठ-लिंबू वाढून झालं. साहेब रेशमी धोतर नेसून पाहुण्यांमध्ये बसले होते. मी भाताची परात उचलली तशी बाईंनी माझ्या दंडाला धरून मला थांबवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आल्या. डोक्यावर पदर, हातात पळी.

"साहेब," बाई म्हणाल्या, "वाढाच्या आधी येक विचारतो. हे अन्न चांगलं हाय का?"

साहेब गडबडले. "म्हणजे काय बाई, उत्तमच असणार."

"आजचं नाई. तवाचं सांगा. विमानातलं."

पंगतीत चूळबूळ सुरू झाली. आम्ही शिकलेली माणसं अशा वेळी विषय बदलतो; बाई शिकल्या नव्हत्या. साहेबांनी आईकडे पाहिलं. म्हातारी महालक्ष्म्यांपाशी बसली होती, ती म्हणाली, "सांग ना बापा, काऊन थांबला? माह्या लेकीसुना भुकेल्या बसल्या." साहेब काहीतरी पुटपुटले. बाई जागच्या हलल्या नाहीत. "मोठ्यानं सांगा जी. पलीकडच्या पंगतीले ऐकू नाई आलं."

"चांगलं होतं," साहेब म्हणाले. घाम कपाळावरून गंधात उतरत होता.

"मंग विमान काऊन नाई उडलं?"

"माणसं नव्हती म्हणून."

"हं," बाई म्हणाल्या, आणि मला, "वाढ वो कुसुम, भात थंडा होऊन राह्यला." मग मी वाढलं. त्या दिवशी पाहुण्यांनी इतकं खाल्लं की मागून बसणाऱ्या बायकांना पुरण पुरतं की नाही अशी पाळी आली. साहेबांचं काय झालं, ते मी पाहिलं. त्यांच्या पानावरचा पहिला घास बराच वेळ हातातच होता. सगळ्यांचं झाल्यावर म्हातारीनं आमची पानं मांडली. बाईंनी पानाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या लक्ष्म्या जेवल्या, माहं पोट भरलं." त्या घरचा घास त्यांनी घेतला नाही. गाडीत आम्ही दोघींनी घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या. बाईंना मी इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या भादव्यात बोलावणी आली, आधीपेक्षा जास्तच आली. शेजारीणही आली. पण आधी घास घेण्याची सवय काही गेली नाही. मी पुढे शाळेच्या नोकरीसाठी पुलगावला गेले; गेल्या माघात बाईंच्या छातीत दुखू लागलं तेव्हा सिंदीला आठवडाभर राहिले. मी पेज केली, वाटीत घातली, त्यांच्या नातवालाही थोडी दिली. तो तोंडाला वाटी लावणार तेवढ्यात बाईंनी पडल्या पडल्या हात पुढं केला. आधी स्वतः एक घोट घेतला, डोळे मिटून थोडं थांबल्या, मग म्हणाल्या, "पी आता." मी त्यांना म्हटलं, "बाई, ही मी केली आहे, तुम्ही नाही." "म्हणूनच तं," बाई म्हणाल्या. आमचं शेवटचं बोलणं हेच. टोमणा जाता जाताही सुटला नाही.

तर तेराव्याला साहेब आले. शेजारच्या गृहस्थाला सांगत होते, आणि माजघरात मला सगळं ऐकू येत होतं. "बाई म्हणजे आमच्या कंपनीच्या अन्नपूर्णाच. सुरुवात आम्हीच करून दिली. त्यांच्या हाताची चव आम्ही आकाशात नेली." महालक्ष्म्यांपुढं जे बोलले ते विसरायला त्यांना पाच-सहा वर्षं पुरली. मी फळीवरून कंपनीचा एक डबा काढला. बाईंनी शेवटपर्यंत ते डबे डाळी-मसाल्याला वापरले, त्यातला हा रिकामा होता. धुतला, पुसला. वडे, पुरण, भाजी, सगळं त्यात नीट भरलं. झाकण लावलं, सुती दोरा घेतला आणि बाईंनी शिकवलेली गाठ मारली. सगळ्यांसमोर पानं होती. साहेबांचं पान मी उचललं आणि तिथं डबा ठेवला, बगळा वर करून.

साहेबांनी बगळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोरा एका ओढीत सुटतो, पण त्यांना ती बाजू सापडेना. मी उभीच राहिले. शेवटी सुटला. ते जेवले, सगळं संपवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. उठताना खाली बघून म्हणाले, "चांगलं होतं."

"मोठ्यानं सांगा, साहेब," मी म्हटलं. "मागच्या पंगतीला ऐकू आलं नाही."

त्यांनी सांगितलं. डबा मी स्वतः घासला आणि पुलगावला घेऊन आले. माझ्या स्वयंपाकघरात तो मिठाच्या बरणीशेजारी आहे, आत दोरा गुंडाळून ठेवला आहे. वर्धा पुलगावपासून काही लांब नाही. साहेब कधी इकडे आलेच, तर त्यांना उपाशी जाऊ देणार नाही.